बॉयलरची भेग, पोटातली गाठ आणि डॉ. डोनाल्ड

काही महिन्यांपूर्वी आमच्या रुग्णालयात निगडीचे एक जोडपे आले होते. पत्नीच्या ओटीपोटात अधूनमधून दुखत होते, म्हणून सोनोग्राफी सांगितली होती. तंत्रज्ञाने पोटावर जेल लावले, हातातला प्रोब फिरवायला सुरुवात केली, तसा नवरा एकदम पुढे सरकून पडद्याकडे पाहू लागला. तो भोसरी एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये वेल्डिंगचे जोड तपासायचे काम करतो. कारखान्यात या कामाला सगळे यूटी म्हणतात. आपणही रोज हेच करतो, असेच जेल आणि असाच प्रोब, फक्त आमचे पोट पोलादाचे असते, असे त्याने हसत सांगितले.

थोड्या वेळाने रिपोर्ट हाती आला आणि हसू मावळले. डाव्या अंडाशयात चार सेंटीमीटरची पाण्याची गाठ होती. गाठ हा शब्द ऐकताच बाई रडू लागली. आजच्या आज काढून टाका, असा तिचा आग्रह होता. नवऱ्याचा चेहराही उतरला होता. मी त्याला एक साधा प्रश्न विचारला. जोडात भेग सापडली की तुम्ही टाकी लगेच भंगारात काढता का? तो म्हणाला, तसे कसे करता येईल? आधी भेग किती लांब, किती खोल, कुठे आणि कशी आहे ते मोजायचे. मग इंजिनिअर साहेब ते आकडे कॉम्प्युटरमध्ये घालतात. टाकी किती दाबावर चालवता येईल, दुरुस्ती आत्ताच हवी की पुढच्या शटडाउनला चालेल, पुन्हा कधी तपासायचे, हे त्यातून ठरते. हे सांगता सांगता तोच थोडा सावरला, आणि मग त्यानेच बायकोला समजावले.

त्याच्या कामात आणि आमच्या कामात दिसणारे हे साम्य योगायोगाचे नाही. पोटाची सोनोग्राफी बॉयलरच्या कारखान्यातून रुग्णालयात आली आहे. ती आणणाऱ्या माणसाचे नाव डॉ. इयन डोनाल्ड. आज गरोदरपणात सोनोग्राफी झाली नाही असे घर आपल्याकडे शोधून सापडणार नाही, पण हे नाव फारच थोड्यांना ठाऊक असते.

डोनाल्ड यांचा जन्म २७ डिसेंबर १९१० रोजी इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या लिस्कर्ड गावी झाला. घराणे स्कॉटलंडच्या डॉक्टरांचे, वडील आणि आजोबा दोघेही वैद्यकीच्या पेशात. वडिलांची प्रकृती बरी राहत नसे, म्हणून कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेले. इयन विशीत पोहोचण्याआधीच आई आणि वडील दोघेही वारले. केपटाउनच्या विद्यापीठात त्यांनी पदवी घेतली ती कला शाखेची. भाषा आणि संगीत हे त्यांचे विषय होते. त्यानंतर लंडनला परतून सेंट थॉमस रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला आणि १९३७ मध्ये ते डॉक्टर झाले. त्याच वर्षी त्यांचे लग्न झाले. पुढे त्यांना चार मुली झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. पेटलेल्या विमानातून जखमी सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा शौर्यासाठी सन्मान झाला. पण आपल्या गोष्टीच्या दृष्टीने त्या वर्षांत महत्त्वाचे ठरले ते वेगळेच. हवाई दलात त्यांनी रडार आणि सोनार जवळून पाहिले. समुद्रात ध्वनीची लहर सोडायची, ती पाणबुडीवर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजायचे आणि त्यावरून अंतर काढायचे, ही कल्पना त्यांच्या डोक्यात पक्की बसली. यंत्रांचे वेड तर त्यांना आधीपासूनच होते. युद्धानंतर लंडनमध्ये त्यांनी नवजात बाळांच्या श्वासोच्छ्वासावर काम केले आणि श्वास न घेणाऱ्या बाळांसाठी उपकरणे बनवली. हाताला लागेल ते यंत्र उघडून बघणाऱ्या या तांबूस केसांच्या, तापट डॉक्टरला सहकारी गमतीने वेडा डोनाल्ड म्हणत.

१९५४ मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्याकडे पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली तेही हेच वर्ष. ग्लासगो हे जहाजबांधणीचे, लोखंडाचे आणि बॉयलरचे शहर होते. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला ते परके वाटले नसते. शहराच्या कुशीत रेनफ्रू गावी बॅबकॉक अँड विलकॉक्स या कंपनीचा बॉयलरचा मोठा कारखाना होता. कंपनीच्या एका संचालकाची पत्नी डोनाल्ड यांची रुग्ण होती. या ओळखीतून त्यांना कारखाना पाहण्याचे आमंत्रण मिळाले.

कारखान्यात त्यांना काय बघायचे होते, हे समजण्यासाठी बॉयलरकडे जरा वळावे लागेल. बॉयलर, वायूची टाकी, रसायनांचे भांडे, आमच्या रुग्णालयातला ऑटोक्लेव्ह, ऑक्सिजनचा सिलिंडर, ही सारी दाबाखाली चालणारी भांडी. आतला दाब भिंतीला सतत बाहेर ढकलत असतो. पत्रा सगळीकडे सारखा जाड असेल तर हा ताण सारखा वाटला जातो. पण वेल्डिंगच्या जोडात एखादी बारीक भेग राहिली तर ताण तिच्या टोकाशी गोळा होतो. कापड दुकानदार कापड फाडण्याआधी कडेला कात्रीने जरासा छेद देतो आणि मग ते एका झटक्यात सरळ फाटत जाते. भेगेचे टोक तसेच काम करते. ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात याचे गणित मांडले. त्यांनी काचेच्या नळ्यांना आणि फुग्यांना मुद्दाम चिरा पाडल्या, आत दाब भरला आणि किती लांबीची चीर किती दाबाला फुटते ते मोजले. भेग ठरावीक लांबीच्या आत असली तर ती गप्प बसते, ती मर्यादा ओलांडली की क्षणात धावत सुटते, असे त्यातून दिसले.

म्हणजे भेग वेळेत सापडणे महत्त्वाचे. पण ती जाड पोलादाच्या आत असेल तर दिसणार कशी? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन आणि ब्रिटनमध्ये स्प्राउल या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे त्याचा मार्ग काढला. आपल्या कानाला ऐकू येत नाही इतक्या उंच पट्टीचा ध्वनी पोलादात सोडायचा. पोलादात तो सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर या वेगाने जातो. तीन सेंटीमीटर जाड भिंतीच्या पलीकडच्या बाजूवर आपटून परत यायला त्याला सेकंदाचा साधारण एक लाखावा भाग लागतो. प्रतिध्वनी त्याआधीच आला तर वाटेत काहीतरी आहे, हे उघड. भेगेत हवा असते आणि पोलादातून हवेच्या फटीपर्यंत पोचलेला ध्वनी जवळपास सगळाच माघारी फिरतो. त्यामुळे केसासारखी बारीक भेगही पडद्यावर उंच रेघ उठवते. रेनफ्रूच्या कारखान्यात वेल्डिंगचे जोड तपासायला हेच यंत्र वापरत होते.

२१ जुलै १९५५ रोजी डोनाल्ड कारखान्यात पोहोचले. शस्त्रक्रियांमध्ये नुकत्याच काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत भरून त्यांनी सोबत आणल्या होत्या. गर्भाशयाच्या घट्ट मांसल गाठी होत्या, अंडाशयाची पाण्याने भरलेली मोठी गाठही होती. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा एक मोठा तुकडा तयार ठेवला होता. पोलादाच्या जागी या गाठींना प्रोब लावून पाहिला गेला. पाण्याच्या गाठीतून ध्वनी विनाअडथळा आरपार गेला आणि पलीकडच्या भिंतीवरून ठळक प्रतिध्वनी आला. मांसल गाठीतून मात्र अनेक बारीक प्रतिध्वनी येत होते आणि खोल जावे तसे ते क्षीण होत होते. पोट न उघडता गाठ पाण्याची की मांसाची हे कळू शकते, हे त्या दुपारी स्पष्ट झाले.

तेव्हा डॉक्टरांच्या हाती काय होते, हे लक्षात घेतले म्हणजे या निष्कर्षाचे मोल कळते. हाताने चाचपणे आणि एक्स-रे, एवढीच साधने होती. एक्स-रेमध्ये पाणी आणि मांस यांतला फरक नीट कळत नाही. शिवाय १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अ‍ॅलिस स्टुअर्ट यांनी गरोदरपणातले एक्स-रे आणि बाळाला पुढे होणारा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. गरोदर बाईच्या पोटात डोकावण्याचा निर्धोक मार्ग डॉक्टरांकडे उरला नव्हता.

कारखान्यातल्या प्रयोगाचा आनंद फार काळ टिकला नाही. उसने मिळालेले जुने यंत्र जिवंत माणसावर वापरणे कटकटीचे होते. प्रोबच्या अगदी जवळचे काही सेंटीमीटर त्याला दिसतच नसत, म्हणून बाईच्या पोटावर पाण्याचे भांडे ठेवून त्यातून ध्वनी सोडावा लागे. पाणी सांडून बिछाने भिजत. अनेक सहकाऱ्यांना हा प्राध्यापक वेळ वाया घालवतो आहे असे वाटे. पडद्यावरच्या रेघा इतक्या गुंतागुंतीच्या असत की त्यांतून अर्थ काढणे म्हणजे अंदाज बांधणेच होते.

१९५६ मध्ये मदत आली ती एका कारखान्यातूनच. भेगा शोधणारी यंत्रे बनवणाऱ्या केल्व्हिन अँड ह्यूज कंपनीत टॉम ब्राउन नावाचा तेविशीचा अभियंता होता. एक प्राध्यापक आपले यंत्र माणसांवर वापरतो आहे, हे त्याच्या कानावर आले. त्याने टेलिफोनच्या डिरेक्टरीत नंबर शोधला आणि सरळ डोनाल्ड यांना फोन लावला. त्याने रुग्णालयात येऊन पाहिले आणि हे यंत्र या कामाला योग्य नाही असे स्पष्ट सांगितले. त्यानंतर त्याने चांगले यंत्र मिळवून दिले आणि पुढची मोठी कल्पनाही त्याचीच. प्रोब एका जागी न ठेवता पोटावरून फिरवायचा, तो क्षणोक्षणी कुठे आणि कोणत्या कोनात आहे याची नोंद घ्यायची आणि सगळे प्रतिध्वनी आपापल्या जागी मांडून पोटाच्या आतल्या आडव्या छेदाचे चित्र तयार करायचे. रुग्णालयातल्या खाटेवर सरकवण्याच्या टेबलाचा सांगाडा वापरून १९५७ मध्ये त्याने असे यंत्र उभे केले. पाण्याच्या भांड्यांची गरज संपली. त्वचेवर ऑलिव्ह तेल चोळले की भागत असे. आजचे जेल हा त्या तेलाचाच वारस. प्रोब आणि त्वचा यांच्यामध्ये हवेची फट राहू नये, एवढेच त्याचे काम.

याच सुमारास एक रुग्ण आली, जिच्यामुळे डोनाल्ड यांच्याकडे पाहण्याची सहकाऱ्यांची नजर बदलली. तिचे पोट प्रचंड फुगले होते. एक्स-रेवरून जठराचा पुढे गेलेला कर्करोग आणि त्यामुळे पोटात साठलेले पाणी, असे निदान झाले होते. म्हणजे करण्यासारखे काही उरले नव्हते. तिच्या पोटाला प्रोब लावल्यावर मात्र वेगळेच दिसले. पाणी पोटभर पसरलेले नव्हते, ते एका पिशवीत बंदिस्त होते. ती अंडाशयाची मोठी गाठ असावी असे डोनाल्ड यांना वाटले. शस्त्रक्रिया झाली, अंडाशयाची भलीमोठी गाठ निघाली, ती कर्करोगाची नव्हती आणि बाई बरी होऊन घरी गेली. मरणाच्या दारातून परत आलेल्या या एका रुग्णाने जे केले ते पन्नास व्याख्यानांनी झाले नसते.

डोनाल्ड, त्यांचे सहकारी डॉ. जॉन मॅकव्हिकर आणि टॉम ब्राउन या तिघांचा निबंध ७ जून १९५८ च्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. सुमारे शंभर रुग्णांचा अनुभव त्यात होता. दोन डॉक्टरांच्या बरोबरीने एका अभियंत्याचे नाव निबंधावर असणे त्या काळी नवलाचे होते. पुढच्या काही वर्षांत गर्भाच्या डोक्यावरून येणारे प्रतिध्वनी किती स्पष्ट असतात हे लक्षात आले आणि डोक्याची रुंदी मोजून बाळाची वाढ जोखण्याची पद्धत आकाराला आली. १९६३ च्या सुमारास आणखी एक गोष्ट सापडली. मूत्राशय भरलेले असले की आतडी बाजूला सरकतात आणि भरलेल्या मूत्राशयाच्या खिडकीतून गर्भाशय स्वच्छ दिसते. सोनोग्राफीच्या आधी भरपूर पाणी प्या आणि लघवी रोखून धरा, असे आपल्याला बाकड्यावर बसवून सांगतात, त्यामागे हेच कारण आहे.

ग्लासगोत गरोदर स्त्रियांसाठी क्वीन मदर्स रुग्णालय उभे राहावे म्हणून डोनाल्ड झटले. ते १९६४ मध्ये सुरू झाले. एवढे सारे करताना त्यांचे स्वतःचे हृदय साथ देत नव्हते. झडपेच्या आजारासाठी त्यांच्यावर तीन वेळा हृदयाची मोठी शस्त्रक्रिया झाली. प्रत्येक वेळी ते पुन्हा कामावर परतले. १९७६ मध्ये निवृत्त झाले आणि १९ जून १९८७ रोजी इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

डोनाल्ड यांच्या आयुष्यात कारखान्याने रुग्णालयाला यंत्र दिले. पण त्यांच्या कामाचा खरा गाभा यंत्रात नव्हता. रेघ दिसली यावर ते थांबले नाहीत. ती रेघ कशाची आहे, केवढी आहे, पुढच्या आठवड्यात ती वाढली का, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजत नेले. गर्भाच्या डोक्याचे एक माप फारसे काही सांगत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली दोन मापे बाळ वाढते आहे की नाही ते सांगतात.

गंमत म्हणजे त्याच काळात कारखानेही याच वाटेने निघाले होते. सुरुवातीच्या काळात भेग दिसली की ती खणून पुन्हा वेल्डिंग करायचे, असा सरळ हिशेब असे. पण यंत्रे अधिक संवेदनशील होत गेली तशा इतक्या बारीकसारीक खुणा दिसू लागल्या की सगळ्या दुरुस्त करत बसणे अशक्य झाले. शिवाय जाड पोलादात पुन्हा वेल्डिंग केल्याने नवीन ताण आणि नवीन भेगा निर्माण होण्याचा धोका असतोच. म्हणून १९७६ मध्ये ब्रिटनच्या वीज उत्पादन मंडळाने भेगेचे मूल्यमापन करण्याची पद्धत घालून दिली. अमेरिकेतल्या पेट्रोलियम उद्योगाने २००० मध्ये आपली नियमावली काढली. चालू अवस्थेतले भांडे सेवेला योग्य आहे का, हे ठरवणारे आजचे सॉफ्टवेअर अशा पद्धतींवर उभे आहे. एका अर्थी टाकीचे फिटनेस सर्टिफिकेटच.

हे सॉफ्टवेअर काय करते? भेगेची लांबी आणि खोली, भिंतीची जाडी, आतला दाब, तापमान, पोलाद किती चिवट आहे आणि वेल्डिंगमुळे किती ताण आत अडकून राहिला आहे, हे सारे आकडे त्यात भरावे लागतात. मग ते दोन प्रश्नांची उत्तरे काढते. भेग काचेसारखी तडकन धावत सुटेल या अवस्थेच्या आपण किती जवळ आहोत? आणि उरलेला पत्रा दाबाखाली ताणून निकामी होण्याच्या किती जवळ? ही दोन उत्तरे मिळून आलेखावर एक ठिपका पडतो. आलेखावर एक वक्र रेषा असते. ठिपका रेषेच्या आत असेल तर भांडे चालवता येते, बाहेर गेला तर ते थांबवावे लागते. दाब रोज चढ-उतार करत असेल तर भेग हळूहळू किती वाढेल आणि पुढची तपासणी कधी करावी, हेही त्यातून काढता येते.

पण सॉफ्टवेअरला भेग दिसत नसते. त्याला माणसाने दिलेले आकडे दिसतात. ध्वनीच्या वाटेला समांतर असलेली भेग सरळ प्रोबला दिसतच नाही. म्हणून वेल्डिंगचा जोड तपासताना ४५, ६०, ७० अंशांचे तिरके प्रोब वापरतात. घाईत एखादा कोन सुटला तर कॉम्प्युटर अतिशय नेमका आणि पूर्ण चुकीचा निकाल देईल. सोनोग्राफीतही हेच. वायूने भरलेल्या आतड्यामागचे दिसत नाही, चरबीचा थर जाड असेल तर चित्र धूसर येते आणि घाईत घेतलेले माप चुकते. आकड्यामागे एक हात असतो, आणि तो थकलेला आहे की सावध, हे आकड्यावरून कळत नाही. निगडी, भोसरी, चाकणमध्ये शटडाउनच्या रात्री टाकीत उतरून प्रोब फिरवणाऱ्या मंडळींना पुरेसा वेळ आणि पुरेसा उजेड मिळणे, हा शेजारच्या वस्तीच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. फुटलेल्या बॉयलरच्या वाफेने भाजलेला माणूस ज्या डॉक्टरांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही.

डोनाल्ड यांच्या यंत्राचा एक अध्याय आपल्याकडे लिहिला गेला आणि तो लाजिरवाणा आहे. दोष शोधण्यासाठी जन्मलेल्या यंत्राने आपण मुली शोधल्या. पोटातली मुलगी हा दोष मानला गेला. गर्भलिंगनिदानाला लगाम घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती, ती २०११ मध्ये ८९४ वर घसरली. डोनाल्ड स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते, ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याला त्यांचा कडवा विरोध होता. त्या मताशी मी सहमत नाही. आपल्या १९७१ च्या कायद्यामुळे सुरक्षित गर्भपात उपलब्ध झाला आणि चोरून केलेल्या गर्भपातांतून होणारे स्त्रियांचे मृत्यू टाळण्याचा मार्ग खुला झाला. पण आपल्या यंत्राने निरोगी मुली वेचून काढल्या जातील हे दृश्य त्यांना काय, कुठल्याही डॉक्टरला सहन होण्यासारखे नाही. प्रोब फक्त दाखवतो. काय दोष आणि काय नाही, हे माणसे ठरवतात.

आता निगडीच्या त्या बाईंकडे परत येऊ. मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयात पाच सेंटीमीटरपेक्षा लहान, पातळ भिंतीची, आत नुसते पाणी असलेली गाठ आढळली तर ती बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. तिला लगेच कापून काढण्याची गरज नसते. गरज असते ती ठरलेल्या दिवशी पुन्हा मोजण्याची. गाठीत घट्ट भाग असेल, आत पडदे असतील, ती वाढत असेल किंवा पाळी बंद झाल्यानंतर ती आढळली असेल, तर मात्र थांबू नये, तज्ज्ञांना दाखवावे. आणि अचानक असह्य पोटदुखी, उलट्या, चक्कर असे काही झाले तर गाठीला पीळ पडलेला असू शकतो. तेव्हा तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

रिपोर्ट हातात पडला की दोन चुका सर्रास होतात. एक, गाठ शब्द वाचून घाबरून शस्त्रक्रियेसाठी धावणे. दुसरी, दुखायचे थांबले म्हणून रिपोर्ट कपाटात ठेवून विसरून जाणे. दुसरी चूक मला जास्त दिसते. आधीचा रिपोर्ट आणला नाही तर नवीन मापाची तुलना कशाशी करायची? कारखान्यात प्रत्येक टाकीची फाइल असते, त्यात दर तपासणीची मापे तारखेनिशी असतात. बॉयलर निरीक्षक आधी ती फाइल मागतो. आपल्या शरीराची अशी फाइल किती घरांत आहे?

त्या बाई तीन महिन्यांनी ठरलेल्या तारखेला आल्या. नवऱ्याने प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये जुना रिपोर्ट नीट लावून आणला होता, वर तारीख आणि माप पेनने लिहिलेले. गाठ दीड सेंटीमीटरवर आली होती. त्याने तोही आकडा खाली लिहून घेतला आणि पुढची तारीख विचारली.